एक रात्र विजापुरात: कोल्हापूरहून जाणाऱ्यांनी घुमटाआधी तट बघावा

गंगावेशकर

शनिवारी दुपारी कोल्हापुरातनं निघायचं, रात्री विजापुरात मुक्काम करायचा आणि रविवारी रात्रीच्या जेवणाला घरी, अशी फेरी आखणारे आपल्यात बरेच आहेत. कुणालाही विचारलं की यादी ठरलेली मिळते: गोलघुमट, इब्राहिम रोजा, बारा कमान, मुलूखमैदान तोफ, जामा मशीद. यादी बरोबरच आहे. पण तिची सुरुवात घुमटापासून होते, चढउतार करून पाय तिथंच मोडतात, आणि मग बाकीचं सगळं गाडीच्या खिडकीतनं उरकलं जातं. आपण कोट असलेल्या शहरात आलोय, हे लक्षात यायच्या आधीच परतीची वाट लागते.

माझं म्हणणं उलटं आहे. एकच रात्र हातात असेल तर पहिली संध्याकाळ तटाला द्या आणि घुमट दुसऱ्या दिवशी पहाटे बघा.

याला साधं भूगोलाचं कारण आहे. आपण मिरज-अथणीवरनं जातो, म्हणजे शहरात पश्चिमेकडनं शिरतो. इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, पश्चिमेलाच, तटाबाहेर. तिथनं आत आलं की तटाच्या पश्चिम बाजूवर शेरझा बुरूज आणि त्यावर मुलूखमैदान. तिथनं जवळच उपली बुरूज. गोलघुमट पार पूर्वेच्या टोकाला. म्हणजे वाटेतच लागणारं सोडून आधी गाव ओलांडायचं आणि मग मागं यायचं, याला काही अर्थ नाही.

तट पहिल्या अली आदिलशहाच्या काळातला. 1565 ची तालिकोटची लढाई झाली त्या सुमाराला तो पुरा झाला. घेर साधारण दहा किलोमीटर, बुरूज 96 आणि बाहेरनं खंदक. पाच मोठे दरवाजे: पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहमनी, पूर्वेला अलीपूर आणि दक्षिणेला फत्ते. बांधकाम सरदारांमध्ये वाटून दिलेलं होतं. त्यामुळं ज्याची जशी ऐपत आणि हौस तसा त्याचा तुकडा झाला. एक बुरूज तालेवार, तर शेजारचा नुसता काम उरकल्यासारखा. तटाकडेनं अर्धा तास चाललं तरी हे डोळ्यांना कळतं, आणि मला विजापुरात सगळ्यात जास्त मजा यातच वाटते.

मुलूखमैदान 1549 साली अहमदनगरला ओतली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. वजन सुमारे 55 टन, लांबी चौदा फुटांच्या वर. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडलाय. निजामशाही मोडत आली तेव्हा 1632 मध्ये मुरार जगदेवानं ती परांड्याहून विजापूरला आणली. त्यासाठी चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते असं सांगतात. पुढं 1854 मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव काढला आणि बोली गेली दीडशे रुपयांवर! विक्री रद्द झाली म्हणून ती आज जागेवर आहे. नाहीतर भंगारात वितळून कुठल्या कुठं गेली असती.

उपली बुरूज 1584 चा, हैदरखानानं बांधलेला. उंची ऐंशी फुटांच्या आसपास, पायऱ्या बाहेरच्या अंगानं गोल फिरत वर जातात. वर दोन लांबोड्या तोफा पडल्यात. ऊन उतरल्यावर तिथं चढा. पूर्वेला गावाच्या पलीकडं गोलघुमट दिसतो आणि मधलं सगळं शहर एका नजरेत येतं. कोट कुठनं कुठवर होता याचा अंदाज तिथनं जेवढा येतो तेवढा नकाशावरनं येत नाही.

रात्री गांधी चौक किंवा स्टेशन रोडच्या बाजूला राहावं. पहाटे घुमट जवळ पडतो.

जोतिबाच्या_वाटंवर

सगळं झ्याक लिवलंय, पण जेवायचं काय ते सांगा की. आमच्यातल्या चौघांचं एकच म्हणणं हाय, तांबडा-पांढरा मिळणार नसंल तर मुक्काम कशाला?

मिरजेचा पाहुणा

रस्त्याबद्दल थोडं. मिरजेनंतर दोन पर्याय आहेत. एक जतवरनं आणि दुसरा अथणीवरनं. दोन्हीकडनं कोल्हापूर ते विजापूर पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास पडतं. चहाला थांबून चार तास धरा. मी अथणी पसंत करतो, कारण शहरात शिरताना आधी रोजा लागतो हे गंगावेशकरांचं म्हणणं खरं आहे.

आणि अथणीत थांबणार असाल तर चपला बघा. कोल्हापुरी म्हणून जे आपण महाद्वार रोडला घेतो त्यातला बराच माल अथणी-निपाणी पट्ट्यात तयार होतो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्यात बेळगाव आहे आणि खुद्द विजापूरही आहे. हे कोल्हापुरात सांगितलं की काही लोकांच्या कपाळावर आठी पडते, पण चांभारवाड्यातल्या जुन्या कारागिरांना विचारा, सोयरिकी कुठं कुठं आहेत ते.

शाहूपुरीची सून

मी थोडी विरोधात. आम्ही दोन लहान मुलांना आणि सासूबाईंना घेऊन गेलो होतो. तट तट म्हणून मुलांना ओढत नेलं तर ती दहाव्या मिनिटाला रस्त्यावर बसतात. तटावर घरं टेकलेली आहेत, काही ठिकाणी रस्त्यासाठी तो फोडलाय, कुठं झुडपं तर कुठं उकिरडा. इतिहास वाचून गेलेल्या माणसाला त्यात रस, बाकीच्यांना नाही. मुलांना तोफ आवडली आणि घुमट आवडला. सासूबाईंना रोजा आवडला, कारण तिथं चढायचं नाही, बाग आहे आणि बसायला सावली आहे.

घुमटाच्या पायऱ्यांबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. चार कोपऱ्यांना चार सातमजली मनोरे आहेत आणि जिना त्यांच्या आतनं जातो. अरुंद, उंच पायऱ्यांचा, काही ठिकाणी अंधारा. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यात भेटले की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. खालूनही पुष्कळ दिसतं.

गंगावेशकर

सून बाई, मुलं असतील तर तुमचंच खरं. मग शेरझा बुरूज आणि उपली बुरूज एवढंच करा, तटाकडेनं चालणं सोडा. पण पहाटेचं मात्र सोडू नका. घुमट सकाळी सहाच्या सुमाराला उघडतो. आतल्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलेलं समोरच्या टोकाला ऐकू येतं, टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. पण हे सगळं आधी कुणी ओरडत नसेल तरच. नऊ-दहा वाजता शाळांच्या सहली आल्या की आत नुसता कल्लोळ होतो, कुजबुज राहिली बाजूला. मुक्काम करायचा तो एवढ्यासाठीच. सकाळी कोल्हापुरातनं निघून दुपारी पोचणाऱ्याच्या वाट्याला तो आवाज येतच नाही.

कडवा_मावळा

मला एक कळत नाही. पन्हाळा हाकेच्या अंतरावर. विशाळगड आहे, रांगणा आहे, भुदरगड आहे. ते सोडून आदिलशाहीची थडगी बघायला दोनशे किलोमीटर जायचं? ज्यांनी अफजलखानाला पाठवलं, सिद्दी जौहरला पन्हाळ्यावर घातलं, त्यांच्या वास्तूंचं कौतुक आपण का करायचं?

बिंदूचौक

आले! या विषयावर हा प्रश्न कधी येतोय याचीच वाट बघत होतो.

गंगावेशकर

प्रश्न रास्त आहे, चेष्टा नको.

मावळेसाहेब, कौतुक करा असं मी म्हणत नाही, बघा म्हणतो. 1660 मध्ये सिद्दी जौहरला पन्हाळ्याच्या वेढ्यावर पाठवणारा दुसरा अली आदिलशहा. बारा कमानीखाली पुरलाय तो हाच. बापाच्या घुमटापेक्षा मोठं काही उभं करायला निघाला आणि 1672 मध्ये मेला. आज तिथं छत नसलेल्या कमानींच्या रांगा उभ्या आहेत. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी उभं राहून जौहरची गोष्ट मुलांना सांगायची आणि जौहरला धाडणाऱ्याचं काय झालं ते बघायचंच नाही, ही अर्धीच गोष्ट झाली. आणि तो तीन दरवाजा तरी कुणाच्या अमलातला? आदिलशाहीतलाच. दरवाजावर फारसी लेख आहे, पुढच्या खेपेला मान वर करून बघा.

घुमटात पुरलेला महंमद आदिलशहा हा अलीचा बाप. 1636 च्या तहानंतर शहाजीराजे याच्याच चाकरीत आले. घुमट बांधून झाला 1656 ला आणि तो मेला त्याच वर्षी. शिवाजीराजांनी जावळी घेतली तीही 1656 ला. म्हणजे इकडं स्वराज्य हातपाय पसरत होतं आणि तिकडं दरबार कबर पुरी करत होता. त्यानंतर तीन वर्षांत खान निघाला. हा सगळा हिशेब विजापुरात उभं राहिल्याशिवाय अंगाला लागत नाही.

शिवाय हे राज्य आपल्यापासून इतकं तुटलेलं नव्हतं. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं महसुली दप्तर फारसीतनं मराठीत आणलं आणि कारकुनी आपल्याकडच्या ब्राह्मणांच्या हाती गेली. दुसऱ्या इब्राहिमनं स्वतः गाणी रचली, त्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन आहे. खानाला पाठवणारं घराणंही हेच. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या.

कडवा_मावळा

दप्तराचं माहीत होतं. बारा कमानीचं नव्हतं.

दगडधोंडे

स्थापत्यातला माणूस म्हणून चार शब्द. घुमटाची इमारत म्हणजे बाहेरनं जवळजवळ साडेसत्तेचाळीस मीटर बाजूचा ठोकळा आणि त्यावर 44 मीटर बाह्य व्यासाचा घुमट. आत मध्ये एकही खांब नाही. चौकोनी खोलीवर गोल बसवायचा तर कोपरे कसे सांभाळायचे, ही मेख आहे. इथं आठ कमानी एकमेकींना छेदत उभ्या केल्यात, त्यामुळं वरती अष्टकोन तयार होतो आणि घुमटाचा भार आत झुकलेल्या त्या कमानींवरनं भिंतींत उतरतो. विणलेल्या टोपलीच्या काठासारखं ते दिसतं. खाली मधोमध उभं राहून मान वर केली की ही छेदाछेद स्पष्ट दिसते. लोक धावत जिन्याकडं जातात आणि हेच बघायचं राहतं.

खालच्या चौथऱ्यावर दिसतात त्या खऱ्या कबरी नव्हेत, नुसत्या खुणा. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. समोरच्या नगारखान्यात वस्तुसंग्रहालय आहे. तिथं अर्धा तास द्यायला हरकत नाही.

पण मला विचाराल तर कारागिरी रोजाची. तो 1627 च्या सुमाराला पुरा झाला, स्थपती मलिक संदल. एकाच जोत्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे कारंजं. कबरीच्या दालनाचं छत सपाट आहे, दगडी, आणि मधे आधार नाही. मशिदीच्या छज्जाखाली एकाच दगडातनं कोरलेल्या साखळ्या लोंबतात. जाळ्यांमध्ये अक्षरं कोरलेली आहेत, त्यातनं उजेड आत येतो. घुमट बघून माणूस गप्प होतो, रोजा बघून जवळ जाऊन बोट फिरवावंसं वाटतं. (फिरवू नका.)

मिरजेचा पाहुणा

पाण्याचं कुणीच बोललं नाही. कोट कितीही भक्कम असो, आत पाणी नसेल तर वेढा पडला की संपलं. तो सगळा मुलूख कोरडा, आजही उन्हाळ्यात बघा. आदिलशाहीनं पश्चिमेच्या तोरवीकडनं जमिनीखालच्या बोगद्यातनं पाणी आणलं, दक्षिणेला 1651 मध्ये बेगम तलाव बांधला. पाण्याचा दाब सांभाळायला जागोजागी मनोरे उभारले, त्यांना गंज म्हणतात. गावात फिरताना मधेच एखादा चौकोनी, बिनकामाचा वाटणारा मनोरा दिसला तर तो बहुतेक गंज. आणि मक्का दरवाजाच्या जवळ ताज बावडी आहे, 1620 ची. विहीर कसली, तळंच ते. मोठी कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज आणि पाण्यापर्यंत पायऱ्या. मुलूखमैदान बघून पंधरा मिनिटं वळवाट केली तरी होते.

दगडधोंडे

पाणी होतं म्हणूनच औरंगजेबाला 1685 पासून वर्षभराच्या वर तळ ठोकावा लागला. 1686 च्या सप्टेंबरात शहर पडलं. मुलूखमैदानवर त्या विजयाचा लेख त्यानं खोदवून घेतलाय. तोफ अहमदनगरची, बुरूज विजापूरचा आणि लेख मोगलाचा!

बिंदूचौक

आता माझं तुणतुणं. दुसऱ्याचा कोट बघायला निघालात, आपला कुठंय? गंगावेश, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, आदितवार वेस, मंगळवार वेस, शनिवार वेस. सहा वेशी होत्या कोल्हापूरला, भोवती तट, तटाबाहेर खंदक. 1857 च्या डिसेंबरात बंडवाल्यांनी शहर ताब्यात घेऊन याच वेशी लावून घेतल्या होत्या. इंग्रज अधिकारी जेकबनं फौज घालून शहर परत घेतलं आणि छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांची रवानगी कराचीला झाली. पुढं तट पाडला, खंदक बुजवला. आज वेशींची नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी तेवढी शिल्लक आहेत. बिंदू चौकात सबजेलपाशी तटाचा तुकडा उभा आहे, त्याला टेकून गाड्या लावतात.

विजापूरचा तट बघून आलेल्या माणसानं एकदा या सहा वेशी पायी फिराव्यात. तासाभरात होतात, मधे मिसळ खाऊनसुद्धा.

गंगावेशकर

बिंदूचौक, माझं टोपणनाव उगाच घेतलेलं नाही. तुमच्याशी शंभर टक्के सहमत, फक्त क्रम उलटा ठेवा. आधी सहा वेशी फिरून जा. आपल्या गावात वेशीच्या आत कोण राहायचं आणि बाहेर पेठा कशा वाढल्या हे पायाखालनं गेलं की विजापुरात मक्का दरवाजातनं आत शिरताना डोळे बरोबर ठिकाणी जातात. आणि तिथं अजून एक गंमत आहे. मधोमध आर्किल्ला, म्हणजे कोटाच्या आत दुसरा कोट. त्यात गगन महाल. मधली कमान प्रचंड, दोन्हीकडच्या दोन अरुंद. शेवटच्या सिकंदर आदिलशहाला याच महालात औरंगजेबासमोर चांदीच्या बेड्या घालून आणलं असं सांगतात. रविवारी घुमट करून परतीच्या वाटेवर आर्किल्ला, जामा मशीद आणि बारा कमान. जेवून निघा. दुपारी तीनला निघालात तर सातच्या सुमाराला घरी.

उन्हाळ्यात मात्र यातलं काही करू नका. मार्च उजाडला की दगड तापतो आणि संध्याकाळी सहालाही बुरुजावर बसवत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम.

जोतिबाच्या_वाटंवर

मी मगाशी जेवायचं इचारलं त्याचं काय झालं? सगळं दगडधोंड्यावरच चाललंय. (आयडीला बोललो न्हाई.)

शाहूपुरीची सून

मी सांगते. खानावळीत जा. ज्वारीची पातळ भाकरी, मऊही मिळते आणि कडकही. कडक असते ती पापडासारखी मोडायची. सोबत भरली वांगी, मटकी, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्ची मेथी नाहीतर कांद्याची पात. वाढणारा भाकरी संपायच्या आत दुसरी टाकतो, नको म्हणायला हात आडवा धरावा लागतो. जेवण शाकाहारी. मटण मिळतं, वेगळ्या हॉटेलात, पण आपल्या रश्श्याची अपेक्षा धरून जाल तर भांडण होईल. आमच्या ह्यांनी तिथं पांढरा रस्सा मागितला होता. वाढणाऱ्यानं ताक आणून ठेवलं.

जोतिबाच्या_वाटंवर

ताक! आता तर गेलंच पायजे.

कडवा_मावळा

दोन विचारायचंय. शुक्रवारी जामा मशीद बघता येते का? आणि फिरायला रिक्षा करावी की टांगा? गेल्या वेळी ओळखीतल्या एकाला तिथं वाटाड्यानं भलतीच गोष्ट सांगून वर दुप्पट पैसे घेतले, म्हणून विचारतोय.

गंगावेशकर

शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा, बाकी कपडे नीट असले आणि चपला बाहेर काढल्या की कुणी अडवत नाही. आत मेहराब बघायचा, सोन्याच्या मुलाम्याचं काम आहे. फरशीवर एकेका माणसाच्या नमाजासाठी आखलेल्या चौकटी आहेत, सव्वादोन हजारांच्या घरात.

टांगे अजून आहेत. आर्किल्ला, जामा मशीद, बारा कमान एवढ्या टापूत टांगाच बरा, उंचावरनं दिसतंही चांगलं. पूर्व-पश्चिम जायचं तर रिक्षा. दोन्हीकडं बसायच्या आधी ठिकाणांची नावं आणि पैसे बोलून घ्या, मराठी कळते सगळ्यांना. वाटाड्या घेतलाच तर घुमटासाठी नको, रोजासाठी घ्या. जाळीतली अक्षरं वाचणारा कुणी बरोबर असला तर उपयोग होतो.

कडवा_मावळा

ठीक. पंधरा डिसेंबरच्या पुढचा शनिवार धरतोय. मी पहिल्यांदा बारा कमानीलाच जाणार, तुमचा क्रम काही का असेना.

जोतिबाच्या_वाटंवर

गाडीत जागा हाय का? डिझेल निम्मं माझं. कावळा नाक्यावर उभा ऱ्हातो.